सुरमईचे पंधरा बाइट : मासळी बंदरावरील वजननोंदींचा प्रकरण अभ्यास

रत्नागिरी जिल्ह्यातील एका मासळी बंदरावर धक्क्यालगतच्या शेडमध्ये दोन इलेक्ट्रॉनिक वजनकाटे आहेत. पावसाळी मासेमारीबंदी संपून हंगाम सुरू झाला की पहाटेपासून लाँचा धक्क्याला लागतात, मासळी क्रेटमध्ये भरून काट्यावर येते, तोलली जाते आणि तेथूनच लिलावाला जाते. लाँचमालकाची रक्कम, खलाशांचे वाटे, खरेदीदाराचे बिल आणि संस्थेचे कमिशन हे सर्व त्या एका वजनावर ठरत असल्यामुळे वजनाचा आकडा हरवणे किंवा दोनदा मांडला जाणे ही येथे थेट भांडणाची बाब आहे.

शेडपासून सुमारे तीनशे मीटरवर, रस्त्याच्या वरच्या अंगाला मच्छीमार सहकारी संस्थेचे कार्यालय आहे. शेडमधील संगणकावर झालेली नोंद त्याच वेळी कार्यालयातील सर्व्हरवर दिसावी, एवढीच संस्थेची मागणी होती. मधले अंतर छपरांवर बसवलेल्या दोन वायरलेस रेडिओंनी जोडले होते, दोन्हीकडचे प्रोग्राम जावा ८ मध्ये लिहिलेले होते आणि त्यांच्यातील देवाणघेवाण टीसीपी सॉकेटवरून होणार होती. टीसीपी म्हणजे दोन संगणकांमध्ये बाइट पोचवण्याचे नियम, आणि सॉकेट म्हणजे त्या जोडणीचे प्रोग्रामच्या हातातले टोक. हे प्रोग्राम लिहिणाऱ्यांपैकी मी एक होतो. पुढे ज्या चुका येतील त्या आमच्याच आहेत. रेडिओवर, खाऱ्या वाऱ्यावर आणि विजेवर आम्ही ढकललेला दोष नंतर आम्हालाच मागे घ्यावा लागला.

ऑब्जेक्ट जसाच्या तसा पाठवण्याचा मोह

ऑब्जेक्ट म्हणजे माहिती आणि तिच्यावरच्या क्रिया (मेथड) एकत्र बांधलेला प्रोग्रामचा घटक, आणि वर्ग म्हणजे त्याचा साचा. अशा घटकांवर उभ्या असलेल्या ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगमध्ये ‘संदेश’ हा शब्द नेटवर्कचा संबंध नसतानाही रुळलेला आहे. १९७०च्या दशकात झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात आकाराला आलेल्या स्मॉलटॉक भाषेत एका ऑब्जेक्टने दुसऱ्याला संदेश पाठवणे हीच पायाभूत क्रिया मानलेली होती, आणि जावातला मेथड कॉल हा त्याच कल्पनेचा पुढचा वंशज आहे. या शब्दसाम्याची एक भुरळ पडते. शेडमधल्या ऑब्जेक्टने कार्यालयातल्या ऑब्जेक्टला संदेश पाठवायचा आहे, मधे तार असो वा हवा, कोडमध्ये ते एका ओळीचे काम दिसले पाहिजे, असे वाटू लागते. आम्हालाही तसेच वाटले. जावाच्या ‘सॉकेट’ वर्गावरून आम्ही ‘वजनसॉकेट’ नावाचा वर्ग काढला, त्याच्या आत ‘ऑब्जेक्टआउटपुटस्ट्रीम’ (ऑब्जेक्टचे बाइट करून पुढे पाठवणारी सोय) ठेवली आणि ‘वजननोंद’ हा ऑब्जेक्ट ‘राइटऑब्जेक्ट’ या मेथडने थेट पाठवून दिला. ही सोय १९९७च्या जेडीके १.१ पासून जावात आहे, त्यामुळे ती जुनी आणि भरवशाची असणार असे आम्ही गृहीत धरले.

पहिल्या चाचणीत चाळीसेक रिकामे आणि बर्फाने भरलेले क्रेट एकामागून एक काट्यावर ठेवले. शेडमधल्या पडद्यावर प्रत्येकाचे वजन वेगळे दिसत होते, पण कार्यालयातल्या पडद्यावर चाळीसही क्रेट ३२.४ किलोचे होते.

कारण शोधण्यासाठी वायरशार्क या नेटवर्क तपासण्याच्या साधनाने जोडणीवरून जाणारे बाइट पाहिले, तेव्हा पहिला संदेश काहीशे बाइटांचा आणि त्यानंतरचा प्रत्येक संदेश केवळ ५ बाइटांचा आढळला. ऑब्जेक्टआउटपुटस्ट्रीम आपण पाठवलेल्या प्रत्येक ऑब्जेक्टची आठवण ठेवते, आणि तोच ऑब्जेक्ट पुन्हा पाठवायला सांगितला तर त्यातली माहिती पुन्हा न लिहिता ‘मघाचाच तो’ एवढा निर्देश पाठवते: एक बाइट खुणेचा आणि चार बाइट क्रमांकाचे. आम्ही मेमरी वाचवण्याच्या नादात संपूर्ण सत्रासाठी एकच ‘वजननोंद’ ऑब्जेक्ट वापरत होतो आणि प्रत्येक क्रेटला त्यातले वजन बदलत होतो. ऑब्जेक्ट बदलला होता, पण स्ट्रीमच्या दृष्टीने तो तोच होता. प्रत्येक वेळी ‘रीसेट’ बोलावून हे टाळता येते, आणि दर वेळी नवा ऑब्जेक्ट केला तरी टळते. मात्र दुसऱ्या उपायात स्ट्रीमची आठवण वाढतच जाते आणि दिवसभर उघड्या राहणाऱ्या जोडणीत तीच मेमरीची गळती ठरते.

आम्ही दोन्ही उपाय सोडून ती यंत्रणाच काढून टाकली. त्यामागे आणखी एक कारण होते. समोरून आलेले बाइट वाचताना जावा त्यांत सांगितलेल्या वर्गांचे ऑब्जेक्ट घडवत जाते, आणि २०१५ मध्ये अनेक सर्व्हरांत वापरल्या जाणाऱ्या एका लायब्ररीतील, म्हणजे तयार कोडच्या संचातील, वर्गांची साखळी जुळवून याच वाटेने परकी आज्ञा चालवता येते हे उघडपणे दाखवले गेले होते. येणाऱ्या वर्गांवर चाळणी लावण्याची सोय जावा ९ मध्ये, २०१७ साली आली. मासळीच्या वजनासाठी एवढा धोका पत्करण्याचे काही कारण नव्हते.

चार अक्षरे, पाच एकके, पंधरा बाइट

दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक नोंद जेसन मजकुराच्या रूपात (नाव आणि मूल्य यांच्या जोड्या महिरपी कंसात लिहिण्याची पद्धत) पाठवायचे ठरले आणि येथे टीसीपीचा मूळ स्वभाव आडवा आला. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे क्रमांकित दस्तऐवज; १९८१च्या आरएफसी ७९३ पासून तिची जागा घेणाऱ्या २०२२च्या आरएफसी ९२९३ पर्यंत टीसीपीचे वचन एकच आहे: बाइट ज्या क्रमाने टाकले त्याच क्रमाने, न गळता, दुसऱ्या टोकाला मिळतील. त्या बाइटांमध्ये एक संदेश कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला, याविषयी टीसीपी काहीही सांगत नाही. तीन वेळा केलेले ‘राइट’ समोर एकाच ‘रीड’मध्ये मिळू शकतात, किंवा एका ‘राइट’चे तुकडे तीन ‘रीड’मध्ये मिळू शकतात. छोटे तुकडे एकत्र करून पाठवणारी, आरएफसी ८९६ मध्ये १९८४ साली मांडलेली नेगलची रीत, इथरनेटची १५०० बाइटांची मर्यादा, रेडिओचा क्षणभराचा अडथळा, यांपैकी कशानेही हे घडते. नळातून येणाऱ्या पाण्याला पहिली बादली कोणती आणि दुसरी कोणती हे ठाऊक नसते. बादली आपण लावायची असते.

हे आम्हाला माहीत होते, म्हणून प्रत्येक संदेशाच्या आधी त्याची लांबी चार बाइटांत लिहायची आणि वाचणाऱ्याने आधी लांबी, मग ‘रीडफुली’ने नेमके तेवढे बाइट वाचायचे, अशी चौकट घातली. पद्धत बरोबर होती. लॅपटॉपवरच्या सर्व चाचण्या पार पडल्या, शेडमधले पहिले काही दिवसही निर्विघ्न गेले.

मग एका सकाळी कार्यालयातील सर्व्हरवर एका काट्याच्या नोंदी येणे बंद झाले. दुसऱ्या काट्याच्या येत होत्या. सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘नोंद वाचता आली नाही’ अशी एक ओळ आणि तिच्यापाठोपाठ मेमरी अपुरी पडल्याची तक्रार होती. आम्ही छपरावर चढून रेडिओचे जोड उघडले. त्यांच्यावर हिरवट गंज होताच, समुद्रावरच्या वाऱ्यात तो असणारच. जोड बदलले, वर रबरी टेप गुंडाळली. दोन दिवसांनी तेच झाले. तेव्हा मेमरीच्या तक्रारीवर विश्वास ठेवून सर्व्हरच्या २ जीबी मेमरीच्या जागी ८ जीबी बसवली. तक्रार खरोखरच थांबली, आणि त्यामुळे प्रकरण अधिक बिघडले, कारण आता नोंदी हरवत होत्या आणि लॉगमधली ती एक ओळ सोडली तर कोठेही चूक दिसत नव्हती. शेडमधला पडदा प्रत्येक क्रेटला ‘पाठवले’ असे हिरव्या अक्षरांत सांगत राहिला. एका संपूर्ण सकाळच्या नोंदी वाचल्या त्या केवळ शेडमधल्या जुन्या कारकुनांमुळे. आम्ही त्यांना तात्या म्हणत असू. ‘तुमचं चालू दे, मी आपलं वहीत लिहितो,’ असे म्हणून त्यांनी पहिल्या दिवसापासून हाताने वही ठेवली होती आणि आम्ही त्यावर मनातल्या मनात हसलो होतो.

उलगडा एका आकड्याने झाला. वाचलेली लांबी लॉगमध्ये छापणारी ओळ आम्ही घातली, तेव्हा ज्या संदेशानंतर गाडे अडले त्याच्या पुढची लांबी ८०,८८,६०,२०९ निघाली. दीडशे बाइटांच्या संदेशांच्या रांगेत ८० कोटी बाइटांचा एक संदेश. हा आकडा षोडशमान पद्धतीत मांडला तर त्याचे चार बाइट ३०, ३६, ३ए, ३१ असे येतात, आणि आस्की तक्त्यात (रोमन अक्षरे, अंक आणि चिन्हे यांना क्रमांक देणाऱ्या) ते शून्य, सहा, अपूर्णविराम आणि एक असे वाचले जातात. म्हणजे ०६:१. सकाळी ६ वाजून १० मिनिटांनी झालेल्या नोंदीची वेळच आमचा सर्व्हर पुढच्या संदेशाची लांबी म्हणून वाचत होता. नोंदीच्या मजकुराची शेपटी ०६:१०:४२, अवतरणचिन्ह आणि महिरपी कंस अशी १० बाइटांची होती, आणि तेवढेच १० बाइट न वाचलेले मागे राहिले होते.

हे १० बाइट ‘सुरमई’ या शब्दातून आले होते. माणसाला त्या शब्दात सु, र, म, ई अशी चार अक्षरे दिसतात. जावाची ‘लेंग्थ’ ही मेथड त्याची लांबी ५ सांगते, कारण स आणि उकार ती वेगवेगळे मोजते. यूटीएफ-८ या अक्षरांचे बाइट करण्याच्या पद्धतीत मात्र देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणून सॉकेटवर तोच शब्द १५ बाइटांचा होतो. आम्ही लांबी म्हणून जावाची मोजणी लिहिली होती आणि मजकूर यूटीएफ-८ मध्ये पाठवला होता. १५ वजा ५, उरले १०. चाचण्यांमध्ये आणि पहिल्या दिवसांत मासळीची नावे रोमन लिपीत होती. त्या लिपीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, त्यामुळे दोन चुकीची मापे योगायोगाने जुळत होती. नंतर संस्थेच्या सचिवांच्या सांगण्यावरून तात्यांनी यादीत मराठी नावे भरायला सुरुवात केली, एकेक करून, आणि ज्या काट्यावर ज्या क्षणी पहिले मराठी नाव निवडले गेले त्या क्षणी ती जोडणी बधिर झाली. पुढे जुने लॉग तपासताना ‘बांगडा’ हा शब्दही सापडला: जावाच्या मोजणीने ६, सॉकेटवर १८ बाइट, फरक १२, म्हणून चार बाइटांची खिडकी वेळेच्या दोन बाइट आधी उघडली आणि लांबी ९७ कोटींच्या घरात गेली. संध्याकाळी पाचनंतरच्या सुरमईला ८२ कोटी. मासळी आणि वेळ यांवरून आम्ही तो आकडा आधीच सांगू लागलो, तेव्हा खात्री पटली.

मेमरी वाढवण्याचा परिणामही आता समजला. जावाला दिलेली मेमरी, वेगळे काही सांगितले नसेल तर, संगणकाच्या एकूण मेमरीच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत जाते. २ जीबीच्या संगणकात ८० कोटी बाइटांची जागा मिळत नव्हती, म्हणून निदान तक्रार तरी होत होती. ८ जीबीत ती जागा मिळाली आणि ‘रीडफुली’ उरलेल्या ८० कोटी बाइटांची वाट पाहत शांतपणे बसले. त्यानंतरची प्रत्येक नोंद त्या खड्ड्यात पडत राहिली. आम्ही साधन वाढवून चुकीचा आवाज बंद केला होता.

दुरुस्ती एका ओळीची होती: मजकुराचे आधी बाइट करायचे, यूटीएफ-८ हे नाव स्पष्ट देऊन करायचे, आणि लांबी त्या बाइटांची लिहायची. नाव स्पष्ट देणे येथे आवश्यक आहे, कारण यूटीएफ-८ हा जावाचा ठरलेला पर्याय २०२२च्या जावा १८ पासूनच झाला. त्याआधीच्या आवृत्त्या संगणकाच्या भाषेच्या मांडणीवर अवलंबून राहतात आणि पाश्चात्त्य मांडणीच्या विंडोजवर देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे लिहून मोकळ्या होतात. त्यासोबत लांबीवर ६४ केबीची कमाल मर्यादा घातली, आणि तिच्यापेक्षा मोठा किंवा ऋण आकडा दिसताच जोडणी तोडायची असे ठरवले. बाइटांची रांग एकदा घसरली की ती पुन्हा रुळावर येण्याचा भरवशाचा मार्ग नसतो; नव्याने जोडणे हाच त्यावरचा उपाय असतो.

‘पाठवले’ आणि ‘पोचले’

शेडचा पडदा सकाळभर ‘पाठवले’ का म्हणत होता, या प्रश्नाने मात्र आमची मांडणीच बदलायला लावली. ‘राइट’ ही मेथड परत येते तेव्हा बाइट आपल्याच संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमने ठेवून घेतलेले असतात, एवढाच तिचा अर्थ असतो. समोरच्या संगणकाने ते घेतले, समोरच्या प्रोग्रामने ते वाचले, त्याने ते डेटाबेसमध्ये मांडले, हे तीन वेगळे टप्पे आहेत आणि त्यांतल्या एकाचीही हमी ‘राइट’ देत नाही. आमच्या प्रकरणात तर टीसीपीने आपले काम चोख केले होते; बाइट पोचले होते, वाचलेही गेले होते, फक्त ते कोणाच्या उपयोगी पडले नव्हते. कार्यालयातली वीज गेली तर अवस्था आणखी फसवी होते. शेडमधल्या लिनक्स संगणकाला समोरचा नाहीसा झाला हे लगेच कळत नाही. उत्तर न मिळालेले बाइट तो सुमारे १५ मिनिटे पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि मगच चूक कळवतो. जोडणी नुसती निवांत पडून असेल, तर टीसीपीची स्वतःची चौकशी, ती मुळात चालू केलेली असली तरी, ठरलेल्या मांडणीप्रमाणे २ तासांनी सुरू होते. लिलाव तोवर आटोपलेला असतो.

१९९४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या प्रयोगशाळेतील चार संशोधकांनी दूरचा ऑब्जेक्ट जवळच्या ऑब्जेक्टसारखा दाखवण्याच्या प्रयत्नावर नेमका हाच आक्षेप घेतला होता: विलंब, एकमेकांची मेमरी न दिसणे, समांतर कामे आणि अर्धवट बिघाड हे चार फरक कोडच्या सारखेपणाने झाकले जात नाहीत. एका संगणकात मेथड कॉल झाला तरी पूर्ण होतो, फसला तरी पूर्ण फसतो. शेड आणि कार्यालय यांच्यामध्ये ‘झाले की नाही ते माहीत नाही’ अशी तिसरी अवस्था असते, आणि आमच्या ‘वजनसॉकेट’ वर्गात त्या अवस्थेला जागाच नव्हती.

नव्या रचनेत ‘सॉकेट’ वर्गाचा वारसा काढून टाकला. वारशामुळे सॉकेटच्या सर्व मेथड कोणालाही बोलावता येत होत्या, आणि जोडणी जिवंत आहे हे तपासण्यासाठी दर ३० सेकंदांनी हाक देणारा नवा थ्रेड (प्रोग्रामच्या आत समांतर चालणारा कामाचा धागा) घातला तेव्हा त्याने खरोखरच एका नोंदीच्या मधोमध आपले बाइट लिहून ठेवले. आता सॉकेट ‘वाहक’ या ऑब्जेक्टच्या पोटात असते, त्याच्यावर लिहिणारा थ्रेड एकच आहे आणि बाकीचे आपले संदेश त्याच्या रांगेत ठेवतात. ‘वजननोंद’ एकदा घडल्यावर बदलत नाही. ‘चौकट’ हा वर्ग ऑब्जेक्टचे बाइट आणि बाइटांचा ऑब्जेक्ट करतो. सॉकेट नावाची काही चीज असते हे त्याला ठाऊकही नाही, तो फक्त ‘इनपुटस्ट्रीम’ आणि ‘आउटपुटस्ट्रीम’ ओळखतो.

या शेवटच्या अलिप्ततेचा फायदा चाचणीत झाला आणि ऑब्जेक्ट ओरिएंटेड रचनेचे खरे देणे मला तेथे दिसले. आम्ही ‘कंजूषप्रवाह’ नावाची इनपुटस्ट्रीम लिहिली, जी कितीही मागितले तरी एका वेळी एकच बाइट देते. तिच्यातून नोंदी वाचल्या की प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन तुकड्यांत येते, लांबीचे चार बाइटही सुटे येतात. समुद्रावरचे वादळ टेबलावर आणण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही. लॅपटॉपच्या अंतर्गत जोडणीवर लिनक्स एका पॅकेटला ६५,५३६ बाइटांपर्यंत मुभा देते, त्यामुळे तेथे छोटे संदेश बहुधा अखंडच मिळतात आणि वाचण्याची ढिलाई उघडी पडत नाही.

पोच देण्याचे काम आता आमचा प्रोग्राम करतो. प्रत्येक नोंदीला काट्याचा क्रमांक आणि चढता अनुक्रमांक असतो; ती आधी शेडमधल्या फाइलमध्ये लिहिली जाते, मग पाठवली जाते; सर्व्हर ती डेटाबेसमध्ये पक्की झाल्यावरच तिचा अनुक्रमांक परत पाठवतो, आणि तो मिळेपर्यंत शेड ती नोंद फाइलीतून काढत नाही. पोच वाटेत हरवली तर नोंद पुन्हा जाते. तीच नोंद दोनदा आली तर डेटाबेसमधील काटा आणि अनुक्रमांक यांची जोडी दुसरी नोंद घेऊ देत नाही आणि सर्व्हर फक्त पोच पुन्हा देतो. पडद्यावर आता दोन शब्द दिसतात: नोंद फाइलीत गेली की ‘लिहिले’ आणि पोच आली की ‘पोचले’. वीज गेलेली असताना ‘लिहिले’ची संख्या वाढत जाते, वीज आल्यावर ती उतरते. तात्यांना हे पटकन रुचले, कारण वहीतही ते आधी लिहीत आणि कार्यालयात ताळा झाल्यावर बरोबरची खूण करत.

या रचनेतही एक भोक राहिले होते आणि ते पुढच्या हंगामात सापडले. शेडमधल्या संगणकाची डिस्क खाऱ्या हवेने खाल्ली, नवी बसवली, आणि अनुक्रमांक पुन्हा १ पासून सुरू झाले. सर्व्हरच्या दृष्टीने त्या क्रमांकांच्या नोंदी आधीच आलेल्या होत्या. त्याने प्रत्येक नवी नोंद टाकून दिली आणि प्रामाणिकपणे तिची पोचही दिली. शेडमध्ये ‘पोचले’, कार्यालयात काही नाही. अकराव्या क्रेटला वही आणि पडदा यांचा ताळा जुळेना, तेव्हा लक्षात आले. त्यानंतर प्रोग्राम नव्याने बसवताना एक यादृच्छिक संच-क्रमांक तयार होतो आणि नोंदीची ओळख काटा, संच आणि अनुक्रमांक अशी तीन भागांची झाली आहे. शिवाय ओळख जुळली पण वजन, मासळी किंवा वेळ वेगळी निघाली, तर सर्व्हर पोच देत नाही. तो ती नोंद बाजूला ठेवतो आणि कार्यालयात घंटा वाजवतो. ती अजून एकदाच वाजली आहे, आणि तीही आम्ही मुद्दाम वाजवून पाहिली तेव्हा.